सहा वीस

‘साधु, साधु, साधु.’

शेजारच्या खुर्चीवरचा माणूस तीनदा म्हणाला, धन्य धन्य म्हणावं तसं. पांढरा झब्बा, मांडीवर पाण्याची स्टीलची बाटली, डोळे मिटलेले, हात जोडलेले. प्रणिताला वाटलं, तीच बाटली उचलावी आणि त्याच्या टाळक्यात हाणावी.

कारण समोर माईक धरून उभा असलेला म्हातारा तिचा बाप होता, आणि त्याने आत्ताच चाळीस माणसांसमोर सांगितलं होतं की

नाही. असं नाही. रागाच्या तोंडून गोष्ट उलटीच बाहेर पडते. सुरुवातीपासून घ्यायला हवी.

लक्ष्मणराव, प्रणिताचे अण्णा, हैदराबादेत काचीगुड्याला राहतात, स्टेशनच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. आजोबा नांदेडकडून निजामाच्या काळात आले. शेती तिकडे राहिली, घराणं इकडे नोकरीला लागलं. लक्ष्मणराव टेलिफोन खात्यात होते. चौतीस वर्षं त्यांचं काम एकच, ऐकणं. कानाला रिसीव्हर लावायचा आणि सांगायचं: केबलमध्ये पाणी शिरलंय, उंदराने कुरतडलंय, किंवा पलीकडच्या माणसाने रिसीव्हर नीट ठेवलेला नाही. चूक व्हायची नाही. ‘लछमनराव के कान’ अशी म्हणच पडली होती एक्स्चेंजमध्ये. हे लक्षात असू द्या.

निवृत्त झाल्यावर कानांना काम उरलं नाही. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला नेलं. ते परत आले ते कमी बोलणारे होऊन. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा ते सात, आतल्या खोलीचं दार लावून, अधिष्ठान. म्हणजे मनाशी निश्चय करायचा की तासभर हात, पाय, डोळे हलवणार नाही. माशी बसली तर बसली. गुडघा दुखला तर दुखला. दुखणं येतं आणि जातं. जे येतं ते जातं. अनिच्च, म्हणजे अनित्य. आणि झोपायच्या आधी आणखी एक: अंथरुणात सरळ पडून स्वतःचं प्रेत बघायचं. हे हात माझे नाहीत. हा श्वास गेला. मरणाची तयारी.

पद्मावतीबाई, त्यांची बायको, दारातून विचारायची, ‘मेलात का हो? की वेळ आहे अजून? दुधाला विरजण लावून येते तोवर.’

किंवा, ‘तुमचं सगळं अनित्य, आणि गॅसचा सिलिंडर तेवढा माझ्या डोक्यावर नित्य. काय हौला माणूस पदरात पडला.’

हैदराबादेत जन्म गेलेल्या बाईचा हौला तो. येड्याला जेवढ्या प्रेमाने येडं म्हणता येतं, तेवढ्या प्रेमाने म्हटलेला.

जानेवारीत ती बाथरूममध्ये पडली. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात नेलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. लोकांना कळलं ते इतकंच: लक्ष्मणराव ध्यानाला बसले होते, उठून बघतात तो पद्मावतीबाई पडलेल्या.

डॉक्टरीण प्रणिताला म्हणाली होती, ‘अर्धा तास आधी आणलं असतं तर… नाही, सांगता येत नाही, मॅडम. कदाचित काहीच फरक पडला नसता.’

कदाचित.

तो शब्द प्रणिताच्या घशात माशाच्या काट्यासारखा बसला. पण तेव्हा राग कुणावर धरणार? नशिबावर? अण्णा रडले नाहीत. तेराव्याला आलेले नातेवाईक म्हणाले, काय धीराचा माणूस! प्रणितालाही अभिमान वाटला होता. आज ते आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मग एप्रिलमधला हा रविवार. अंबरपेठेतला छोटा हॉल, वर चार पंखे, भिंतीशी चपलांचा ढीग. ध्यान करणारी मंडळी महिन्यातून एकदा इथे जमतात. ती जमवतो किशोर, पुण्याहून आलेला, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीतला पंचेचाळिशीचा माणूस. त्याने लक्ष्मणरावांना विनंती केली होती, ‘काका, मरणाच्या तयारीबद्दल दोन शब्द बोला. तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलंय?’ प्रणिता कोंडापूरच्या आपल्या घरून गाडी काढून बापाला पोचवायला आली आणि शेवटच्या रांगेत बसली.

लक्ष्मणराव बोलले ते असं:

‘मी सहाला अधिष्ठानाला बसलो. स्टेशनवरची घोषणा नुकतीच संपली होती, म्हणजे सहा वीस. बाथरूमकडून मोठा आवाज आला. मन म्हणालं, ऊठ. मी मनाकडे पाहिलं. आवाज आला, आवाज गेला. निश्चय तासाचा होता. सातला गजराची घंटा झाली. सर्व प्राण्यांचं मंगल होवो असं म्हटलं. मग उठलो. ती गेलेली होती.’

एवढंच. खाली बसले.

हॉलमध्ये कुणीतरी मोठा श्वास सोडला. एका बाईने डोळे पुसले. पुढच्या रांगेतल्या दोघांनी हात जोडले. आणि शेजारचा बाटलीवाला म्हणाला, साधु, साधु, साधु.

*

बाहेर चपलांपाशी किशोरने तिला गाठलं.

‘प्रणिताताई, राग येतोय ना? येऊ द्या. फक्त त्याच्याकडे पाहा.’

‘पाहतेय. तुमच्याकडेच पाहतेय.’

किशोर वाईट माणूस नव्हता. त्याचाही चेहरा उतरला होता. आवाज खाली आणून म्हणाला, ‘शपथ सांगतो, मला हे माहीत नव्हतं. निश्चय दुखणाऱ्या गुडघ्यासाठी असतो, ताई. माणूस पडला तर उठायचंच. आजारी माणसाला टाकून बसणं हे ध्यानच नव्हे. पण हे वेगळं सांगावं लागेल असं कुणाला वाटलंच नाही.’

‘मग ते साधु साधु कशाला?’

‘लोकांना वाटलं…’

‘काय वाटलं? पोचलेला माणूस आहे? बायको मरताना ज्याची पापणी हलत नाही तो पोचलेला?’

किशोर चपलेत पाय घालायचं विसरून तसाच उभा राहिला. लक्ष्मणराव पायऱ्यांवरून सावकाश उतरत होते, एकेक पाऊल जाणीवपूर्वक टाकत. त्या जाणीवपूर्वक टाकलेल्या पावलांचा तिला इतका तिटकारा आला, इतका आला, की तिने गाडीचं दार उघडलं ते दोनदा आपटायलाच.

*

गाडीत:

‘अण्णा, तुम्हाला ऐकू आलं होतं.’

‘हो.’

‘तीन महिने मला सांगितलं नाहीत.’

‘तू विचारलं नाहीस.’

‘मी विचारलं नाही! कोणती मुलगी विचारते हो? अण्णा, आई पडली तेव्हा तुम्ही जाणूनबुजून बसून राहिलात का, असं कोणती मुलगी विचारते?’

अण्णा रस्त्याकडे बघत होते.

‘वर पुन्हा सर्व प्राण्यांचं मंगल चिंतलंत. सर्व प्राण्यांचं. बाथरूममधला एक सोडून.’

प्रणिताने सिग्नलला गाडी थांबवली.

‘हाक मारली होती का तिने?’

इथे लक्ष्मणरावांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काहीही नव्हतं, बंद शटर आणि उसाच्या रसाचं गाडं.

‘मी विचारतेय, आईने हाक मारली होती का?’

सिग्नल सुटला. मागच्या ऑटोवाल्याने डोकं बाहेर काढलं, ‘ओ मॅडम, चलतंय क्या, के यहींच रहतंय?’ प्रणिताने गाडी काढली. काचीगुड्याला त्यांना उतरवून ती वर न जाताच परत फिरली.

*

चाळीस मिनिटं म्हणजे किती?

त्या आठवड्यात तिने मोजून पाहिली. कोंडापूरच्या आपल्या स्वयंपाकघरात, रोज सहा वीसला, घड्याळ ओट्यावर ठेवून.

सहा वीस. डाळीचा कुकर लावला.

सहा बत्तीस. तीन शिट्ट्या झाल्या.

सहा पस्तीस. अँब्युलन्स काचीगुड्याच्या गल्लीत आली असती. धरून चालू, ट्रॅफिक होतं. सहा चाळीस.

सहा चाळीस. कणीक मळून झाली. एवढ्यात आई स्ट्रेचरवर असती.

सहा अठ्ठेचाळीस. दवाखाना. सुई. ऑक्सिजन. कुणीतरी धावपळ केली असती. कुणीतरी. केली असती.

सहा पन्नास. चौथी पोळी करपली.

सहा पंचावन्न.

सहा छपन्न.

सहा सत्तावन्न. आई अजून फरशीवर. ओल्या. एकटी.

सात. सर्व प्राण्यांचं

शुक्रवारी तिने लाटणं भिंतीवर फेकलं. टाइलचा कोपरा उडाला. नवरा आतून म्हणाला, काय पडलं गं? आणि येऊन बघून गेला. तेवढ्यानेही तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बघा, माणूस येऊन बघून जातो. काही ज्ञान लागत नाही त्याला. काही शिबिर करावं लागत नाही.

प्रणिता कंपनीत टेस्टिंगचं काम करते. प्रोग्रॅम कुठे मोडतो ते शोधायचं. त्यासाठी जे घडलं ते जसंच्या तसं पुन्हा घडवून बघतात, ही तिची रोजची रीत. शनिवारी तिने तेच करायचं ठरवलं. तिला माफी नको होती, स्पष्टीकरण नको होतं. तिला एवढंच बघायचं होतं: हा माणूस उठतो का? उठला तर तो अजून तिचा बाप आहे. नाही उठला, तर किल्ली टेबलावर ठेवून निघायचं. पुन्हा यायचं नाही.

*

सहा वाजून पाच मिनिटांनी तिने तिच्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. घरात उदबत्तीचा वास. आतल्या खोलीचं दार लावलेलं. अण्णांच्या चपला भिंतीला समांतर. ती जेवणाच्या टेबलाशी बसली. फ्रिजवर आईने चिकटवलेला कागद अजून होता: गॅस १२ तारखेला लावला. तारीख डिसेंबरची.

स्टेशनवरून घोषणा सुरू झाली. आधी तेलुगू, मग हिंदी, मग इंग्रजी. कृपया ध्यान दें. संपली.

सहा वीस.

ती बाथरूममध्ये गेली. आईची स्टीलची बादली नळाखाली होती, अर्धी भरलेली. तिने ती दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलली.

सोडली.

आवाज असा झाला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. पाणी उंबरठा ओलांडून बाहेर पळालं. बादली गडगडत जाऊन भिंतीला लागली आणि घुमत राहिली. मग तीही थांबली.

एक.

दोन.

तीन.

आतल्या खोलीत काही हललं नाही.

सहा. सात.

बसा, म्हणाली ती मनात. बसा, बसा. आवाज आला, आवाज गेला. बसा.

नऊ.

तिने पर्समधली किल्ली मुठीत घेतली. किल्लीचे दाते तळहातात रुतले.

अकरा.

‘पद्मा!’

तो आवाज तिने कधी ऐकला नव्हता. फाटलेला. मग धप्पकन काहीतरी पडलं, कडी खडखडली, दार भिंतीवर आदळलं, आणि लक्ष्मणराव आले. चालत नाही. रांगत. दोन्ही पाय मांडी घालून बधिर झालेले, ते मागे फरफटत, हातांवर सगळा भार, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, एका कोपराला खरचटलेलं. उंबरठ्यापर्यंत आले आणि वर बघितलं.

‘तू?’

‘मी. आणखी कोण असणार?’

‘मला वाटलं…’

‘काय वाटलं? आज कशाला उठलात? आवाज होता ना? आला आणि गेला!’

लक्ष्मणराव पाण्यात बसले होते. धापा टाकत. त्यांनी भिंतीशी पडलेल्या बादलीकडे पाहिलं, बराच वेळ, जुन्या एक्स्चेंजमध्ये एखादी लाइन ऐकत असल्यासारखं डोकं तिरकं करून.

‘बादली घुमते,’ ते म्हणाले.

‘काय?’

‘बादली पडली की घुमते. माणूस पडला की घुमत नाही. त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं, बादली पडली. मला माहीत होतं. ती बादली नव्हती. चौतीस वर्षं ह्या कानांवर भाकरी खाल्ली मी. मला माहीत होतं, प्रणिता.’

शेजारचा कुत्रा अजून भुंकत होता.

‘आणि हाक?’ तिने विचारलं. ‘मारली होती का?’

‘एकदा. आवाजाच्या आधी. अहो म्हणाली. एकदाच.’

‘मग?’

‘मला वाटलं, साबण संपला असेल.’

प्रणिता नळाच्या कडेला टेकली. साबण. पन्नास वर्षांत आईने किती वेळा अहो म्हटलं असेल. अहो, दूधवाला आला. अहो, टॉवेल. अहो, साबण संपला. त्यातली एक हाक वेगळी होती, आणि आवाजावरून उंदीर ओळखणाऱ्या ह्या माणसाने ती नेमकी

‘उठला असतात तर वाचली असती का?’

‘माहीत नाही.’

‘मलाही माहीत नाही! कुणालाच कधी कळणार नाही! मग ह्याचं मी काय करू? ह्याच्याकडे किती वर्षं नुसतं पाहत बसू? सांगा ना, तुम्ही मोठे साधक!’

लक्ष्मणरावांनी तोंड उघडलं, पण बोलणं आलं नाही. आली एक घरघर, केबलमध्ये पाणी शिरल्यावर येते तशी. थांबेना. तीन महिन्यांत न रडलेला माणूस बाथरूमच्या दारात बसून रडत होता. प्रणिताने ते बघितलं. तिला त्याची दया आली नाही. आली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘नऊ वर्षं मी रोज माझं मरण बघितलं. माझं. तिचं एकदाही नाही. मी आधी जाणार हे ठरलेलं होतं.’

‘कुणी ठरवलं होतं?’

‘मी.’

सगळं जग अनित्य म्हणणाऱ्या माणसाने एवढी एकच गोष्ट नित्य धरली होती: आपण मरू तेव्हा पद्मा असेल. विरजण लावत असेल.

‘पाय…’ ते कण्हले. ‘मुंग्या.’

प्रणिता त्यांच्यासमोर ओल्या फरशीवर बसली. त्यांचा उजवा पाय ओढून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी चोळायला लागली. जोराने. हळू चोळायची तिची इच्छाच नव्हती.

‘दुखतंय गं.’

‘दुखू दे. येतं आणि जातं.’

त्या रडण्यातच लक्ष्मणरावांच्या घशातून काहीतरी वेगळं आलं. हसू म्हणता येणार नाही त्याला.

‘तुझी आई असंच बोलायची.’

‘गप्प बसा. तिचं नाव काढू नका एवढ्यात.’

डावा पाय. पोटरी दगडासारखी झाली होती. तिच्यावर निळ्या शिरा, टाचेला भेगा. त्र्याहत्तर वर्षांचा पाय. कधीतरी हाही जाणार. तिने तो विचार आला तसा चोळून काढला. गेला नाही.

आतल्या खोलीत सातची घंटा वाजली. अण्णांचे ओठ सवयीने हलले. तिने एकदा नुसतं बघितलं. ओठ थांबले.

‘उद्यापासून बसणार नाही मी,’ ते म्हणाले.

‘बसायचं.’

‘काय?’

‘बसायचं. पण खाली नाही, खुर्चीवर. पाय बधिर झाले नाही पाहिजेत. दार उघडं ठेवून. मोबाइल चालू, मांडीवर. सहा वीसला मी फोन करेन. उचलायचा.’

‘अधिष्ठानात?’

‘अधिष्ठानातच. बाकीच्या वेळात उचलून काय उपयोग?’

‘किशोर म्हणेल…’

‘किशोरला मी बघते. आणि मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे पण सांगून ठेवते. कधी करेन माहीत नाही. करेन की नाही तेही माहीत नाही.’

‘बरं.’

‘बरं काय बरं! उठा आता. ओले बसू नका.’

ते उठले. तिच्या खांद्यावर हात ठेवून, कण्हत, एकेक गुडघा सरळ करत. किल्ली तिने परत पर्समध्ये टाकली.

*

रविवारी सहा एकोणीसला ती कोंडापूरच्या गॅलरीत उभी होती. सहा वीसला फोन लावला.

एक रिंग.

दुसरी.

तिसरी. मध्येच फोन उचलल्याचा खट् आवाज, मग स्टेशनवरच्या घोषणेचं शेपूट, मग श्वास.

‘हां. बोल.’

‘तिसऱ्या रिंगला उचललात.’

‘चष्मा नव्हता. बटण दिसेना.’

‘चष्मा लावून बसायचं. उद्या पहिल्या रिंगला.’

‘डोळे मिटून बसतात गं, चष्मा कशाला…’

‘लावून बसायचं म्हटलं ना!’

‘बरं.’

पुढे काय बोलायचं हे तिने ठरवलं नव्हतं. खाली कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न अडकला होता. तिच्या घशात तो काटा होता तिथेच होता. ती म्हणाली,

‘साबण आहे का घरात?’

पलीकडे इतका वेळ काही आलं नाही की लाइन गेली असं तिला वाटलं. तिने फोन कानावर घट्ट दाबला. ऐकत राहिली.

‘बघून सांगतो,’ अण्णा म्हणाले.

खुर्ची करकरली. मग पावलं, घाईची.